रेलिकला मराठीत काय म्हणता?

मोरपंखी:
एका लेखाचं भाषांतर करतेय, तिथे 'रेलिक' (संतांची म्हणून जपून पुजतात ती हाडं किंवा वस्तू) या शब्दावर अडकलेय. युलिस शेव्हालिए नावाचे एक फ्रेंच पाद्री होते (१८४१–१९२३), जन्मभर मध्ययुगातली दप्तरं उपसली आणि १९०० मध्ये तुरिनच्या श्राउडवर पुस्तक काढून म्हणाले की येशूला गुंडाळलेलं म्हणून जे कापड पुजतात ते चौदाव्या शतकात कुणीतरी रंगवलंय. स्वतः पाद्री असून! तर रेलिकला मी 'पवित्र अवशेष' लिहिलं, संपादकबाई म्हणतात अवशेष म्हणजे पडके बुरूज. काय लिहू?

भटकभवानी:
बौद्धांकडे बुद्धाच्या अस्थींना 'धातू' म्हणतात की. धातुगर्भ, त्यावरूनच दागोबा, म्हणजे स्तूप.

मोरपंखी:
इथे हाडं नाहीत गं, साडेचार मीटरचं कापड आहे. धातू लिहिलं तर लोक तांबं-पितळ समजतील.

वसईचा_केळीवाला:
आमच्याकडे आजीसुद्धा रेलिकच म्हणायची. आणि गोव्यात दर दहा वर्षांनी सेंट झेवियरचं असतं त्याला पेपरवाले चक्क 'शवप्रदर्शन' लिहितात, कुणाचं काही अडत नाही.

शब्दप्रभू:
म्हणून काय सगळंच उचलायचं? 'पुण्यशेष' करा. आणि श्राउडला 'प्रेतवस्त्र', कफन नको, अरबी आहे.

वसईचा_केळीवाला:
'पाद्री' शब्द पोर्तुगीज आहे, तो बरा चालला तुम्हाला 😄

मोरपंखी:
अहो भांडू नका, खरी गोची वेगळीच आहे. शेव्हालिएंनी जी कागदपत्रं छापली त्यात १३८९ चं एका बिशपचं पत्र आहे, आपल्या आधीच्या बिशपने हे रंगवणारा चित्रकार शोधून काढला होता असं, मग १३९० मध्ये फ्रान्समधल्या आव्हिन्योंच्या क्लेमेंट पोपने सांगितलं की दाखवा खुशाल, पण ही प्रतिकृती आहे, खरं कफन नव्हे, असं मोठ्याने सांगून दाखवा. म्हणजे तेव्हाही शब्दावरूनच चाललं होतं! मी सुरुवातीलाच 'पवित्र' लिहून बसले तर शेव्हालिएंचा दावा पहिल्याच ओळीत खोटा पाडल्यासारखं होतं.

गणपुले_नंतर_बोलू:
१९८८ च्या कार्बन चाचणीत कापड १२६० ते १३९० मधलं निघालंय, विषय संपला.

भटकभवानी:
संपलाय कुठे, अजून भांडतायत त्यावर. इथे नको.

वऱ्हाडी_ठेचा:
ताई, ते कापड लिननचं ना? त्याला काय लिहिलं?

मोरपंखी:
तागाचं. बायबलच्या भाषांतरात 'तलम तागाची वस्त्रे' आहे.

वऱ्हाडी_ठेचा:
अन् ताग काहून? तागाचं गोणपाट होते! लिनन जवसाच्या खोडातून निघते. येशूला काय पोत्यात गुंडाळलं होतं का?

शब्दप्रभू:
जवस नव्हे, अळशी.

वऱ्हाडी_ठेचा:
तुमच्याकडे अळशी, आमच्याकडे जवसच. चटणी खाल्ली नाही वाटते कधी.

भटकभवानी:
आमची आई अळशीच्या चटणीत लसूण घालायची नाही. तुम्ही घालता?

वऱ्हाडी_ठेचा:
लसणाशिवाय काय चटणी हो ती.

मोरपंखी:
उद्या दुपारपर्यंत लेख द्यायचाय मला 🙏