विषय: कॅसेटींच्या मुद्रणांत मधला भाग लावता येत नाही

प्रेषक: गायन वर्ग

सप्रेम नमस्कार.
सर्व्हरवर गुरुवारी केलेल्या बदलानंतर १७ क्रमांकाच्या कॅसेटची दुसरी बाजू मला मधूनच लावता येत नाही. एकतिसाव्या मिनिटाला द्रुत बंदिश सुरू होते; तिथे पट्टी सरकवली की गाणे पुन्हा पहिल्या आलापावर येते. रविवारी वर्गात मुलांना तीच बंदिश ऐकवायची आहे. कृपया सारे पूर्ववत करावे.

प्रेषक: सर्व्हर व्यवस्था

ताई, पूर्ववत करण्यात मोठी अडचण आहे. आपली मुद्रणे २४ बिट, ९६ किलोहर्ट्झची आहेत; मूळ रूपात त्यांना सेकंदाला ४,६०८ किलोबिट लागतात, आणि फ्लॅकमुळे (आवाजातले काहीही न गाळता फाइल लहान करणारा प्रकार) ते निम्म्यावर आले असे धरले तरी माझ्या घरच्या १० एमबीपीएस (सेकंदाला १०,००० किलोबिट) अपलोडवर चार श्रोते एकदम आले की आवाज तुटू लागतो. गेल्या दिवाळी पहाटेला काय झाले ते सर्वांना आठवत असेल. म्हणून नॅव्हिड्रोममध्ये, म्हणजे मुद्रणे ऐकवणाऱ्या आपल्या सर्व्हर प्रोग्राममध्ये, मी सर्व प्लेअरना १२८ केबीपीएसचे (सेकंदाला १२८ किलोबिट) ओपस लावले; त्यात आवाजाचा काही भाग गाळून फाइल खूप लहान होते.

आता एफएफएमपेग हे रूपांतराचे सॉफ्टवेअर गाणे वाजत असतानाच बदलून पाठवते. बदललेली फाइल शेवटी किती मोठी होणार हे आधी ठरलेले नसते, त्यामुळे प्लेअरला मधलाच तुकडा मागता येत नाही. मात्र संपूर्ण बदललेले मुद्रण एकदा कॅशेमध्ये (सर्व्हरवरच्या तात्पुरत्या साठ्यात) साठले की ते साध्या फाइलसारखे मागेपुढे करता येते. म्हणून वर्गाच्या आधी ती बाजू एकदा शेवटपर्यंत वाजवून ठेवावी.

प्रेषक: कोषाध्यक्ष

एवढा खटाटोप करण्यापेक्षा सर्व मुद्रणे एकदाच एमपी३ करून फ्लॅक फाइल काढून टाकल्या, तर दुसरी डिस्क घेण्याचा खर्चही वाचेल. हा विषय पुढच्या बैठकीत घ्यावा अशी विनंती.

प्रेषक: ध्वनिमुद्रण समिती

फ्लॅक फाइल काढण्यास समितीची संमती नाही. त्या कॅसेटी पुन्हा वाजवता येतील अशा अवस्थेत आता राहिलेल्या नाहीत. काहींची फीत हेडवर दाबून धरणारी आतली गादी गळून पडली होती, तेव्हा फीत दुसऱ्या कवचात भरावी लागली. आणि प्रत्येक कॅसेटसाठी मी डेकच्या हेडचा स्क्रू कानाने ऐकत इतका फिरवला की तंबोऱ्याच्या जव्हारीतले वरचे स्वर मोकळे झाले. हे काम दोन हिवाळे चालले होते. एमपी३मध्ये जे गाळले जाते ते परत आणता येत नाही, आणि उद्या ओपसपेक्षा चांगले काही आले तर त्यासाठी मूळ फाइलच लागेल. श्रोत्याला काय पाठवायचे ते सर्व्हर व्यवस्थेने ठरवावे. डिस्कवर काय राहील हे समितीने ठरवलेले आहे.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट. काही सभासदांनी दिलेली जुनी मुद्रणे मुळातच १२८च्या एमपी३मध्ये आहेत. त्यांचे पुन्हा ओपस करण्यात बँडविड्थ तर वाचत नाहीच, शिवाय गाळलेल्या आवाजातून आणखी गाळले जाते. ती जशी आहेत तशीच पाठवावीत.

प्रेषक: एक सभासद

ओपसबद्दल सांगायचे तर, माझ्या आईच्या जुन्या आयफोनवर ब्राउझरमध्ये ते वाजतच नाही. गाणे निवडले की शांतता. बुधवारपर्यंत ती रोज सकाळी अभंग लावत असे.

प्रेषक: सर्व्हर व्यवस्था

आईंच्या फोनसाठी एमपी३ १९२ लावले आहे. ट्रान्सकोडिंग (पाठवताना फाइलचा प्रकार बदलणे) प्रत्येक प्लेअरला वेगळे देता येते. एक मर्यादा मात्र राहील. एमपी३मध्ये गाण्याच्या दोन्ही टोकांना थोडी शांतता मिसळली जाते, आणि ती किती हे सांगणारी नोंद फाइल पूर्ण झाल्यावर मागे येऊन लिहायची असते, जे वाहत्या प्रवाहात शक्य होत नाही. त्यामुळे जिथे विलंबित आणि द्रुत वेगळ्या फाइलमध्ये आहेत, तिथे सांध्यावर तंबोरा क्षणभर तुटेल. ओपसमध्ये असे होऊ नये.

प्रेषक: गायन वर्ग

तुम्ही सांगितल्याप्रमाणे शुक्रवारी रात्री ती बाजू पूर्ण वाजवली. शनिवारी सकाळी बंदिश नेमकी लागली, मला फार समाधान वाटले. संध्याकाळी पुन्हा पाहिले तर पुन्हा आलाप. मधल्या वेळात मी काहीही बदललेले नाही.

प्रेषक: ध्वनिमुद्रण समिती

कॅशे किती मोठा ठेवला आहे? नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची, म्हणजे १२८ केबीपीएसने सुमारे ४३ एमबी.

प्रेषक: सर्व्हर व्यवस्था

काका, तुमचा प्रश्न वाचताच चूक लक्षात आली. कॅशेचा आकार मी बदललाच नव्हता आणि तो आपोआप १०० एमबी असतो. म्हणजे त्यात एका कॅसेटच्या दोन बाजू मावतात. शनिवारी दिवसभरात इतरांनी आणखी दोन बाजू ऐकल्या आणि ताईंची बाजू बाहेर गेली. आता तो १० जीबी केला आहे, म्हणजे दोनशेहून अधिक बाजू राहतील. ताई, १७ची दुसरी बाजू मी आत्ताच शेवटपर्यंत वाजवून ठेवली आहे आणि एकतिसावे मिनिट लागते हे पाहिले आहे. तरीही खबरदारी म्हणून तुमच्या वर्गाच्या लॅपटॉपला ट्रान्सकोडिंगच काढून टाकले आहे, तिथे मूळ फ्लॅकच येईल; एका श्रोत्याने अपलोड भरत नाही.

ट्रान्सकोडिंग बदलण्याचे पान मी पुन्हा बंद केले आहे. तिथे लिहिलेली आज्ञा थेट माझ्या घरच्या यंत्रावर चालते, म्हणून नॅव्हिड्रोम ते पान मुळातच बंद ठेवते, आणि गुरुवारपासून ते उघडे राहिले ही चूक माझी. एमपी३ मुद्रणांची यादी समितीने पाठवावी; ती बहुधा वेगळ्या संग्रहात ठेवावी लागतील.

प्रेषक: ध्वनिमुद्रण समिती

यादी मंगळवारपर्यंत पाठवतो. त्यात २३ आणि २४ क्रमांक धरू नयेत, त्या फाइल नावाने एमपी३ वाटल्या तरी आतून फ्लॅक आहेत.