डोंगरवाटेवर घोडा आणि कुत्रा : तुमचे अनुभव लिहा

डोंगरात घोड्यावरून फिरणारे बरेच असतात, सोबत कुत्राही नेणारे थोडे. या तिघांचं एकमेकांशी कसं जमवायचं, हे ज्यांनी केलंय त्यांच्याकडूनच कळतं. म्हणून ज्यांना अनुभव आहे त्यांनी जरूर लिहावं, अगदी बारीकसारीकही.

सुरुवात मीच करते. माझी घोडी शांत आहे, कुत्री मेंढपाळ जातीची. डोंगर चढायच्या आधी दोघींना मोकळ्या मैदानावर भरपूर फिरवलं. घोडीच्या मागच्या पायांशी जायचं नाही, एवढंच कुत्रीला शिकवायचं होतं; पण जनावराच्या टाचेला तोंड घालणं या जातीच्या रक्तातच असतं, त्यामुळे तेच सगळ्यात जड गेलं. घोड्याला जवळजवळ ३५० अंशांतलं दिसतं, फक्त शेपटीच्या थेट मागचं आणि कपाळासमोरचं अगदी जवळचं दिसत नाही. मागून अचानक काही सळसळलं की तो लाथ झाडणारच, त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. कुत्रीला मी रिकिबीच्या (स्वाराचा पाय ठेवायच्या कडीच्या) जरा पुढे, घोडीच्या नजरेत राहील असं चालायला लावलं. अरुंद वाट आली की "मागे" म्हणायचं, आणि मागे म्हणजे मधे आणखी एक घोडा सहज मावेल इतकं. आता कुत्री बराच वेळ दिसली नाही की घोडीचा एक कान मागे वळतो, चाल मंदावते. मी लगामही ओढलेला नसतो.

* * *

वरच्या अनुभवात भर घालतो. चाल कुत्र्याच्या बेतानं ठेवा, घोड्याच्या नव्हे. चालीत घोडा तासाला सहा-सात किलोमीटर जातो, तेवढं कुत्र्यालाही जमतं. पण दुडकीत लांबवर नेलं की कुत्रा आतून तापतो. घोड्याला अंगभर घाम येतो, कुत्र्याला मुख्यतः धापा टाकूनच थंड व्हावं लागतं. तळपायांना घाम येतो, पण तो नावापुरता. त्यातून आपला घोडा पुढे चाललाय म्हटल्यावर कुत्रा पाय ओढत का होईना येतच राहतो. माझा मोती असाच आहे, आपण होऊन कधी थांबत नाही. म्हणून थांबायचं कधी ते मीच ठरवतो. जीभ रुंद होऊन टोकाशी चमच्यासारखी वळली, हिरड्या गडद लाल दिसायला लागल्या, की सावली गाठायची, पोटाला आणि पंजांना पाणी लावायचं. दर मुक्कामाला चारही पंजे उलटून बघतो, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. खडीच्या वाटेवर तळवे सोलून निघतात आणि कुत्रा लंगडायला लागेपर्यंत आपल्याला पत्ता नसतो.

* * *

एकच सांगते, पण कळकळीनं. कुत्र्याची दोरी खोगिराला बांधू नका, हाताला गुंडाळूही नका. घोडा बुजला तर कुत्रा फरफटत जातो किंवा दोरी घोड्याच्या पायांत येते. नुसती मुठीत धरा, सोडता आली पाहिजे.

* * *

मी चढ-उताराबद्दल लिहितो. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना बरेच घोडे छाती फुगवून ठेवतात, त्यामुळे थोडं चालवून तंग पुन्हा बघायचाच. खड्या चढावर खोगीर मागे सरकतं, तिथे छातीपट्टा लागतो. उतारावर ते मानेकडे येतं, तिथे दुमची, म्हणजे शेपटीखालून घेतलेला पट्टा. चढताना पुढे झुकून आयाळ धरावी, लगामाला लोंबकळू नये, घोड्याला मान मोकळी हवी असते.

कड्यालगतच्या वाटेवर घोड्यावरून उतरायचं झालं तर डोंगराच्या बाजूला उतरा. त्यासाठी घोड्याला दोन्ही अंगांनी चढण्या-उतरण्याची सवय आधीच लावलेली हवी. आणि कुत्र्याला "थांब" पक्कं यायला हवं, कारण मालक खाली उतरला की त्याला आनंदानं पायात घुटमळायचं असतं, नेमकं तिथेच जिथे पाय ठेवायला वीतभर जागा असते.

* * *

ओढा ओलांडताना कुत्रा घोड्याच्या वरच्या अंगाला नको. धार त्याला सरळ घोड्याच्या पायांत आणते. पाणी जोराचं असेल तर मी आधी घोडा पार करून बांधते, मग कुत्र्याला उथळ जागेवरून स्वतः आणते. वेळ जातो, जाऊ दे.

* * *

मुक्कामाचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. घोडा लगामानं कधीच बांधत नाही. दोन झाडांमध्ये डोक्याच्या वर दोरी ताणून त्याचा कासरा तिला सरकगाठीनं बांधतो, एका झटक्यात सुटेल असा. कुत्रा त्याच्या पल्ल्याबाहेर. रात्री कुत्रा एकटाच गुरगुरला तर मी पडल्या पडल्या ऐकतो, बहुतेक वेळा ससा-उंदीर असतो. पण घोडाही मान वर करून, कान ताठ करून त्याच दिशेला बघत असेल, तर विजेरी घेऊन उठतो. या दोघांचं एकमत झालं की तिथे काहीतरी असतंच. एकदा रानडुकरं निघाली, एकदा दुसऱ्या कुणाचं तरी सुटलेलं खेचर. त्याला पकडून बांधून ठेवलं, सकाळी मालक शोधत आला.