प्रति: झुलूतील प्रश्न आणि सूर

ज्या भाषांत सुराने शब्दाचा अर्थ बदलतो त्यांत प्रश्नासाठी वेगळा सूर उरतच नाही, असे मत येथे मांडले गेले; ते दक्षिण आफ्रिकेतील झुलू भाषेला तरी लागू पडत नाही. तेथे पदबंधाच्या, म्हणजे एकत्र उच्चारल्या जाणाऱ्या शब्दगटाच्या, शेवटून दुसऱ्या अक्षराचा स्वर लांबतो. मात्र 'हो की नाही' असे उत्तर मागणाऱ्या प्रश्नात शब्दांचे उच्च-नीच सूर तसेच राहून सगळी पट्टी वर सरकते आणि ते लांबणे आखडते.

प्रश्नशब्दांची गोष्ट अधिक रंजक आहे. 'न्गियाफुन्दा' म्हणजे 'मी वाचतो'. परंतु 'काय वाचतोस?' असे विचारताना 'या' हा घटक गळतो आणि 'काय'साठीचा 'नी' क्रियापदालाच चिकटून 'उफुन्दानी?' होते. 'या' ही क्रियापद पदबंधाच्या शेवटी असल्याची खूण असल्याने, क्रियापदानंतर प्रश्नशब्द येताच तिला जागा उरत नाही. कर्त्याविषयीचा प्रश्नही क्रियापदाआधी सरळ येत नाही: 'कोण आले?' हे 'कुफिके बानी?' असे क्रियापदानंतर, नाहीतर 'न्गुबानी ओफिकिले?', म्हणजे 'आलेला तो कोण?', अशा वळणाने विचारावे लागते. आपला 'काय' बहुधा क्रियापदाच्या लगेच आधी बसतो, झुलूचा लगेच नंतर. म्हणून केवळ सुराकडे न पाहता पदबंध कोठे तुटतो हेही तपासावे, असे मला वाटते.