मदत हवी: अमळनेरला दिवसभर पेशंटजवळ थांबणारी बाई मिळेल का?

तापीकाठ: बायकोला एमएस आहे. आधीची बाई आखाजीला माहेरी गेली ती आलीच नाही. ९ ते ६ हवी. आई सत्तरीची, तिच्याने उचलणं होत नाही. माझ्या चार रजा गेल्या. लवकर सांगा.

केळीवाला: एमएस म्हणजे हाडांचं का? मावशीचे गुडघे एरंडेल चोळून मोकळे झाले.

तापीकाठ: नाही हो. मल्टिपल स्क्लेरोसिस. मेंदू-मणक्यातल्या नसांवरचं आवरण खराब होतं. बाईचं बोला.

शेवभाजी: उचलणं? मार्चमध्ये तर वॉकरवर चालते लिहिलं होतंत.

तापीकाठ: चालायची. रविवारपासून पाय धरतच नाहीत.

निवृत्त_सिस्टर: अहो, हे आधी सांगायचं! ताप? लघवी?

भुसावळकर: घाबरू नका. बहिणीला १२ वर्षं एमएस आहे, मे महिन्यात दरवर्षी हेच. उष्म्याने जुनं दुखणं वर येतं. ओला पंचा मानेवर टाकून कूलरसमोर बसवा.

निवृत्त_सिस्टर: भुसावळकर, उन्हाचं असेल तर अंग गार झाल्यावर उतरतं. इथे चार दिवस झाले! २४ तासांवर टिकलं की न्यूरोलॉजिस्टला फोन करायचाच. जुन्या चिठ्ठीवर स्टेरॉइड आणू नका, आधी लघवी तपासा. तिथे इन्फेक्शन असलं तरी पाय असेच जातात.

भुसावळकर: मी स्टेरॉइड म्हटलंच नाही.

नियमवाला: यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढलं का? २०१६च्या दिव्यांग कायद्यात एमएस आहे. बऱ्याच सवलतींना ४० टक्के अपंगत्व लागतं.

शेवभाजी: त्यांनी बाई विचारलीये, कार्ड नाही.

बोरीकाठ: भाऊ, मी बी अमळनेरना शे. आमच्या गल्लीत एक ताई पेशंटचं करतात. उचलायचं असलं तर पैसे जास्त घेतात. निरोप टाकतो.

तापीकाठ: टाका. दुपारी लाइट जाते, कूलर बंदच असतो. सिस्टर, ताप नाही, पण आत्ता आईने सांगितलं, बाई गेल्यापासून ही पाणीच पीत नाही. सासूला सारखं बाथरूमला न्यायला लावायचं नको म्हणून. उशाचा तांब्या सकाळचा तसाच भरलेला आहे. जळजळही होते म्हणे. मला कोणी बोललंच नाही. लॅबवाल्याला बोलावलंय.

निवृत्त_सिस्टर: डॉक्टरांनाही फोन लावा. आत्ता.

केळीवाला: एरंडेल कोमट करून लावायचं बरं का.