पाचवीतल्या मुलाला विभाजक शिकवायला काय घेऊ? (बजेट ३०० रुपये)

विश्रामबागची_आई: आम्ही सांगलीत राहतो. मुलगा पाचवीला, मराठी माध्यम. पाढे घडाघडा म्हणतो, पण २४ चे विभाजक विचारले की ४ आणि ६ सांगून गप्प. "आठ त्रिक?" म्हटलं की लगेच "चोवीस". म्हणजे पाढा पाठ आहे, पण उलट्या बाजूनं दिसत नाही. वस्तू ओळींत मांडून शिकवतात असं ऐकलंय. त्यासाठी ३०० रुपयांत काय मिळेल? घरात दोन वर्षांची धाकटीही आहे.

हळदपेठ: अबॅकसला घाला ताई. आमची पोरगी तीन अंकी गुणाकार डोळे मिटून करते. फी वर्षाला बारा हजार, पण पैसा वसूल. शिष्यवृत्तीतही आली.

कृष्णाकाठ: बारा हजार कशाला? चिंचोके घ्या, मूठभर फुकट मिळतात. आम्ही त्यावरच शिकलो.

मिरजेचे_आजोबा: हल्ली पावकी, निमकी, दिडकी (पाव, अर्धा, दीड यांचे पाढे) कुणी पाठ करून घेत नाही, तिथंच गाडं अडतं. मला औटकी आजही येते. औट म्हणजे साडेतीन, नव्या पोरांना माहीतही नसेल. त्यात २०१९ ला दुसरीच्या पुस्तकात 'बावीस'च्या जोडीला 'वीस दोन' आणलं.

कराडचा_मास्तर: आजोबा, 'वीस दोन'मुळे माझ्या वर्गातली मुलं २२ लिहिताना चुकायची थांबली. तो वाद इथं नको.

ताई, वस्तू कुठलीही घ्या, क्रम महत्त्वाचा. आधी १२ द्या आणि सांगा, पूर्ण आयत कर, एकही उरायला नको, एकही कमी पडायला नको. १ ओळीत १२, २ ओळींत ६, ३ ओळींत ४. ५ ओळी करून बघू द्या, दोन उरतात, म्हणून ५ हा विभाजक नाही. हे त्याच्या हातानं व्हायला हवं, तुम्ही सांगून उपयोग नाही. ४ ओळी केल्या की ३ चाच आयत आडवा पडलेला दिसतो. तिथं शोध थांबतो, कारण पुढं सगळ्या जोड्या उलट्या येतात. मग २४ ला चार आयत, म्हणजे आठ विभाजक. ३६ ला ६ ओळींत ६ असा चौरस होतो, त्याची जोडी तोच, म्हणून विभाजकांची संख्या विषम, नऊ. १३ दिलेत तर एकच लांब रांग. मूळ संख्येची व्याख्या पाठ करून घ्यायची गरजच उरत नाही. १ ला मात्र एकच विभाजक, तो मूळही नाही, संयुक्तही नाही. परीक्षेत हमखास विचारतात.

७ × ८ अडत असेल तर ७ ओळींत ८ मांडा, पाचव्या उभ्या ओळीनंतर फूटपट्टी ठेवा. ३५ आणि २१, झाले ५६.

वाईकर: कॅरमच्या सोंगट्या आहेत का घरी? राणीसकट १९. पोराला म्हणा आयत कर. होत नाही म्हणून चिडतं! मग राणी उचला, १८ राहतात, २×९ आणि ३×६ लगेच बसतात. आमच्याकडं या एका खेळानं काम झालं.

साताऱ्याची_मावशी: मी ऑनलाइन लाकडी मण्यांची पाटी मागवली, १४०० ला. शंभर मणी म्हणून ८८ आले. परत पाठवली तर पैसे यायला दोन महिने. घेऊ नका.

तासगाव_बेदाणे: चिंचोके बेस्ट. धुऊन वाळवून घ्या.

पोवईनाका: माझ्या मुलीनं ३ × ४ च्या जागी ४ × ३ लिहिलं तर शाळेत गुण कापले. उत्तर तेच असताना! हा कुठला न्याय?

कराडचा_मास्तर: गुण कापायला नको होते. कागद फिरवला की तोच आयत उभ्याचा आडवा होतो, विभाजकांसाठी काही फरक पडत नाही. शाब्दिक उदाहरणात एका पाकिटात किती आणि पाकिटं किती, एवढं मुलीला सांगता आलं की पुरे. ताई, फुकटातला उपाय म्हणजे चौकटीची वही. आयत रंगवायचा, खाली जोडी लिहायची.

हळदपेठ: अबॅकसचा डेमो फुकट असतो. एकदा बघून तर या.

विश्रामबागची_आई: सगळ्यांचे मनापासून आभार. मास्तरांचा क्रम लिहून घेतलाय. पण चिंचोके नकोत, धाकटी दिसेल ते तोंडात घालते, नाकातही घालते. सोंगट्याही ती पळवेल. वही तो रागानं बाजूला सारतो, लिहायचाच कंटाळा आहे. म्हणून सुताराकडून प्लायवर दहा बाय दहा खिळे मारून घेतेय, त्यावर रबर ताणून आयत करायचे. सुटं काही नाही, फक्त रबर, ते वरच्या फळीवर ठेवीन.

कृष्णाकाठ: एवढा खटाटोप? चिंचोके डब्यात ठेवा की.

कराडचा_मास्तर: कल्पना चांगली, पण दहा बाय दहावर २४ चा २×१२ बसणार नाही. बारा बाय बारा करा. १×२४ तो तोंडी सांगेल.

विश्रामबागची_आई: बरोबर, हे लक्षातच आलं नव्हतं. सुताराला फोन केला. १४४ खिळ्यांचे मजुरीसकट ३५० म्हणतोय. पन्नास जास्त, पण चालेल.

वाईकर: प्लाय १२ एमएमचा सांगा आणि खिळा पाऊण इंची, चपट्या डोक्याचा. पातळ प्लाय घेतला तर टोकं मागून बाहेर येतात, धाकटीच्या हाताला लागतील.