आईच्या खालच्या दाढा नाहीत, कुठली कवळी करावी? फ्लेक्सिबल, मेटल की सरळ इम्प्लांट?

सांगलीकरीण
नमस्कार मंडळी, दातांचं विचारायचंय, जरा लांबडं आहे. आई ६४ वर्षांची, सांगलीला असते, मी पुण्यात. खालच्या जबड्यात उजवीकडच्या सगळ्या दाढा गेल्यात, डावीकडच्या दाढा आणि त्यांच्या पुढची एक उपदाढ गेलीये. बाकी पुढचे दात, सुळे, उरलेल्या उपदाढा आहेत, झिजल्यात पण हलत नाहीत. वरचे सगळे शाबूत. तिकडच्या एका डॉक्टरांनी ती गुलाबी प्लास्टिकची, तारवाली कवळी करून दिली होती, पण ती खाताना मागून उचलते आणि खाली शेंगदाण्याचा कण गेला की डोळ्यात पाणी येतं, म्हणून आता ती डबीत आणि आई भाकरी दुधात कुस्करून खातीये. आता एक डॉक्टर म्हणतात फ्लेक्सिबल करा, तार दिसत नाही, मऊ असते. दुसरे म्हणतात मेटलची कास्ट पार्शल करा, म्हणजे धातूच्या सांगाड्यावरची काढती कवळी, महाग आहे पण तीच करा. मामेभाऊ म्हणतो हे काढा-घाला प्रकरणच नको, इम्प्लांट (हाडात स्क्रू बसवून त्यावर दात) करून टाका. मी ब्रिजचं विचारलं तर दोघंही म्हणाले होणार नाही, का होणार नाही ते सांगायला कुणाला वेळ नव्हता. आईला शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. कुणी घरच्यांसाठी केलंय का यातलं काही?

चकलीप्रेमी
मी स्वतः खालची मेटलची वापरतो, बरीच वर्षं झाली, त्यामुळे ज्ञान नाही अनुभव सांगतो. सुरुवातीला तोंडात काहीतरी भलतंच कोंबलंय असं वाटतं, लाळ सुटते, स आणि श म्हणताना शिट्टी वाजते. मी पेपर मोठ्याने वाचायचो, घरचे वैतागले पण जीभ वळली. खायला एकदम भाकरीवर जायचं नाही, आधी मऊ भात, उपमा, शिजलेली भाजी, घास छोटा आणि दोन्हीकडे थोडा थोडा घेऊन चावायचं, एकाच बाजूला चावलं की दुसरी बाजू उचलते. टोचत असेल तर आईंना सांगा घरी कानशीने घासत बसू नका (आमच्या शेजारच्या काकांनी केलंय हे) आणि सोसतही बसू नका, डॉक्टरांकडे जाऊन घासून घ्यायचं, दोन-तीन खेपा होतातच. पण जायच्या आदल्या दिवशी मात्र घालून ठेवायची, नाहीतर हिरडीवर लाल डाग दिसत नाही आणि नेमकं कुठे टोचतंय ते त्यांना कळत नाही.

आणि हो, दाताने दाबून बसवायची नाही, बोटाने बसवायची. दाताला धरणाऱ्या क्लिपा सगळ्यात जास्त त्यातच वाकतात.

स्पष्टवक्ता
आजच्या जमान्यात कवळ्या कसल्या करताय? इम्प्लांट करा, एकदाच खर्च, विषय संपला.

डॉ_बत्तीशी
मी प्रोस्थोडॉन्टिस्ट आहे, म्हणजे कवळ्या, कॅप, ब्रिज हेच दिवसभर. आईंना तपासलेलं नाही त्यामुळे हे सगळं सर्वसाधारण समजा.

आधी ब्रिजचं. ब्रिजला रिकाम्या जागेच्या पुढे एक आणि मागे एक असे दात लागतात, ते घासून त्यावर कॅपा बसवतात आणि मधला खोटा दात त्या दोघांना जोडलेला असतो. तुमच्या आईंच्या मागे दातच नाही, मग दुसरं टोक टेकवणार कशावर? म्हणून नाही. कुठला दात गेलाय यापेक्षा जागेच्या मागे दात उरलाय का, हे आम्ही पहिल्यांदा बघतो. डॉ. एडवर्ड केनेडींनी १९२५ मध्ये जी विभागणी मांडली ती अजून शिकवतात, त्यात दोन्हीकडे मागचे दात नसणं हा पहिला वर्ग आणि काढत्या कवळीसाठी तोच सगळ्यात त्रासाचा.

त्रासाचा का, तर अशी कवळी पुढे दातावर टेकते आणि मागे नुसत्या हिरडीवर. दात दाबला तर जवळजवळ हलत नाही, हिरडी मात्र दबते. त्यामुळे चावताना मागचं टोक खाली जातं आणि चिकट काही खाल्लं की वर येतं, एकीकडूनच टेकू दिलेल्या फळीसारखं. आईंची उचलते ती बहुधा याच कारणाने, डॉक्टरांनी वाईटच केली असेल असं नाही. साध्या प्लास्टिकच्या कवळीला दातावर नीट टेकण बहुतेक वेळा नसतं, सगळा भार हिरडीवर, ती हळूहळू रुतत जाते आणि उरलेल्या दातांच्या कडेची हिरडी सोलते. फ्लेक्सिबलचंही तेच, नायलॉनसारखी लवचिक असते, दिसायला छान, पण टेकण नाही. एखाददुसरा दात नसेल, दोन्हीकडे दात असतील, थोडे दिवस काढायचे असतील तर ठीक. दोन्हीकडच्या मागच्या दाढांसाठी मी स्वतः टाळतो.

मेटलमध्ये दातावर छोटी खळगी कोरतात, एक-दीड मिलिमीटरची, वरच्या कठीण थरातच, त्याला भूलसुद्धा लागत नाही. त्या खळगीत धातूचा टेकू बसतो म्हणून चावण्याचा काही भार दातावर जातो, आणि पट्टी पातळ असूनही वाकत नाही. पण मेटलची केली म्हणजे हलणारच नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. कमी हलते, इतकंच. हिरडीखालचं हाड वर्षागणिक झिजतं, दात काढल्यावर पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त, म्हणून दर वर्षी दाखवून गरज पडली तर खालून भरून घ्यायची. त्याला रिलायनिंग म्हणतात, नवी करण्यापेक्षा बरंच स्वस्त पडतं.

आणखी एक पर्याय कुणी सुचवत नाही कारण त्यात बिल होत नाही. काहीच न बसवणं. पुढचे दात आणि उपदाढा वर-खाली मिळून व्यवस्थित भेटत असतील तर बऱ्याच जणांचं त्यावर भागतं, नेदरलँड्सच्या डॉ. कायझर यांनी १९८० च्या सुमारास यावर बरंच काम केलंय. आईंची डावीकडची एक उपदाढ गेलीये आणि त्या भाकरी कुस्करून खातायत, म्हणजे त्यांचं भागत नाहीये, तरी प्रश्न विचारायला हरकत नाही. फक्त समोर दात नसला की वरच्या दाढा हळूहळू खाली उतरतात, त्यावर लक्ष ठेवावं लागतं.

लॅबवाला_कोल्हापूर
डॉक्टरसाहेबांनी बरोबर सांगितलंय, मी लॅबच्या बाजूनं बोलतो. मेटलचा सांगाडा कोबाल्ट-क्रोमचा असतोय, आधी मेणात बनवायचा, मग साच्यात घालून १३००-१४०० डिग्रीला वितळवलेला धातू ओतायचा. क्लिपचं टोक दाताच्या फुगीर भागाखाली पाव मिलिमीटर आत जातंय, तेवढ्यावरच ती धरते. त्याच्यापेक्षा जास्त आत घातली तर काढताना दात ओढला जातोय, कमी असली तर गळून पडती. म्हणजे माप चुकलं तर वर आम्ही कितीही पॉलिश मारा. खालच्या जबड्यात जिभेच्या बाजूनं दांडी जाती तिला हिरडीच्या काठापासून खाली साधारण ८ मिलिमीटर जागा लागती, नसली तर पट्टा करायला लागतोय, जरा जड वाटतंय मग.

ताई, डॉक्टरला एवढंच विचारा, दातावर रेस्टची (म्हणजे त्या धातूच्या टेकूची) खळगी तुम्ही करणार का? लई वेळा आमच्याकडं माप येतं त्यात खळगी कोरलेलीच नसती आणि वर चिठ्ठी, मेटल करा. मग तो टेकू दातावर उंच बसतोय आणि पेशंट म्हणतो तोंड मिटत नाही.

फ्लेक्सिबल तुटली किंवा एखादा दात वाढवायचा झाला तर दुरुस्ती अवघड, साध्या ॲक्रिलिकसारखं (ती गुलाबी प्लास्टिकची) लगेच जोडून मिळत नाही. हे आधी कोण सांगत नाही. निकेलची ॲलर्जी असली (आर्टिफिशियल कानातल्यांनी कान चिघळतात तसली) तर ते पण आधी सांगा, धातू बघून घ्यावा लागतोय.

सांगलीकरीण
बापरे, एवढं तर दोन डॉक्टरांकडे जाऊनही कळलं नव्हतं. धन्यवाद सगळ्यांना. @डॉ_बत्तीशी मग इम्प्लांट का नको? पैशाचं बघू आम्ही. HbA1c ऐवजी मराठीत काय म्हणतात माहीत नाही, तो तीन महिन्यांचा शुगरचा रिपोर्ट ८.६ आलाय. बाकी बीपीची गोळी आणि आठवड्यातून एकदा रिकाम्या पोटी घ्यायची ती हाडांची गोळी, बस.

डॉ_बत्तीशी
ती आठवड्याची गोळी! बरं झालं लिहिलंत. ती अलेंड्रोनेट किंवा त्याच जातीची असेल तर दात काढायच्या किंवा इम्प्लांटच्या आधी डेंटिस्टला सांगायलाच हवं. क्वचित अशा पेशंटमध्ये जबड्याचं हाड नीट भरत नाही. तोंडाने घेतात त्या गोळ्यांमध्ये धोका कमी असतो पण जितकी जास्त वर्षं चालू तितका वाढतो. इम्प्लांट होतच नाही असं नाही. फक्त किती वर्षं घेतायत ते काढा आणि हाडांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, मणका किंवा खुबा मोडला तर दातांपेक्षा ते कितीतरी वाईट.

शुगरचंही तसंच, ८.६ वर मी तरी कुणाला इम्प्लांटसाठी पाठवणार नाही, आधी ७ च्या आसपास आणा. खालच्या दाढांच्या जागी हाडाच्या आतून ओठाला जाणारी नस असते, तिच्यावर पुरेसं हाड उरलंय का ते थ्रीडी स्कॅनशिवाय कळत नाही. मग टायटॅनियमचा स्क्रू हाडात धरायला साधारण तीन महिने. हे सगळं जमत असेल तर इम्प्लांट उत्तमच आहे, मी त्याच्या विरोधात नाही. आणि मधला मार्गपण आहे, मागे दोन्हीकडे एकेक इम्प्लांट घालून त्यावर काढती कवळी टेकवायची, मग ती रुतत नाही आणि खर्चही सगळे दात फिक्स करण्याइतका नाही. आज मेटल करून ठेवली तरी पुढे हा विचार करता येतो, फक्त डॉक्टरांना आधी बोलून ठेवा.

स्पष्टवक्ता
ओके, गोळीचं माहीत नव्हतं. पण रोज काढून धुवायचं म्हणजे कटकटच की.

चकलीप्रेमी
कटकट कसली, चष्मा नाही का काढत झोपताना. रात्री काढायची, हिरडीला मोकळं सोडायचं, कवळी साध्या पाण्यात बुडवून ठेवायची. नरम ब्रश आणि भांड्यांचा किंवा हाताचा साधा साबण, टूथपेस्टने प्लास्टिकवर ओरखडे येतात. गरम पाणी नाही, वाकडी होते. मेटलला ब्लीचिंगवालं काही लावायचं नाही, काळी पडते. धुताना बेसिनमध्ये खाली पाणी भरून ठेवायचं म्हणजे हातातून सटकली तरी फुटत नाही. आणि जे खरे दात उरलेत ते कवळीपेक्षा जास्त घासायचे, क्लिप ज्या दाताला धरते तिथेच अन्न अडकून कीड लागते, माझी एक उपदाढ तशीच भरावी लागलीये.

डॉ_बत्तीशी
+१. शुगरवाल्यांनी तर रात्री काढायचीच, नाहीतर कवळीखाली बुरशी होऊन हिरडी लालभडक होते. दुखत नाही म्हणून कळतही नाही.

नाक्यावरचा
धागा हायजॅक करत नाही, पण सरकारी ठिकाणी हे मेटलचं होतं का? बाबांना करायचंय, ते मुंबईत असतात.

डॉ_बत्तीशी
होतं. मुंबईत सीएसएमटीजवळचं सरकारी डेंटल कॉलेज आणि मुंबई सेंट्रलचं नायर डेंटल, दोन्हीकडे प्रोस्थो विभाग आहे. खर्च खाजगीपेक्षा खूपच कमी, पण पोस्ट ग्रॅज्युएट मुलं करतात, प्रत्येक पायरी सरांकडून तपासून घेतात, त्यामुळे खेपा जास्त होतात. सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढा आणि आधीचे एक्सरे असतील तर घेऊन जा. नागपूर आणि संभाजीनगरलाही सरकारी कॉलेजं आहेत, गोव्यात बांबोळीला.

सांगलीकरीण
आईशी आत्ताच बोलले. गोळी चार वर्षांपासून चालू आहे म्हणे, आणि डेंटिस्टला सांगितलं होतं का विचारलं तर म्हणाली, "त्याला काय सांगायचंय, ती हाडाची गोळी आहे, दाताची कुठं आहे?" शनिवारी सांगलीला जातीये, मेटलवाल्या डॉक्टरांना गाठून खळगीचं विचारते. @लॅबवाला_कोल्हापूर दादा, माप दिल्यावर सांगाडा यायला साधारण किती दिवस लागतात?

लॅबवाला_कोल्हापूर
ते त्या त्या लॅबवर अवलंबून आहे ताई. आठ-दहा दिवस धरा. पण सांगाडा आला की तो नुसता तोंडात बसवून बघतात, त्यावर दात बसवायच्या आधी, ती ट्रायल चुकवायची नाही. घाई करून एकदम तयार कवळी द्या म्हणू नका.