किंक्रांतीला कणू: लेकीला काय सांगू?

कराडची_लेक:
आम्ही चेंबूरला राहतो. मी कराडची, नवरा तमिळ, पण जन्मापासून मुंबईतच. लेक सात वर्षांची, धाकटा पाच महिन्यांचा. सासूबाई, म्हणजे अम्मा, आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर, आणि बाळासाठी म्हणून सध्या माझी आई आलीय.

14 ला संक्रांत. बोरन्हाणासाठी आईने गावाहून काळं झबलं आणि हलव्याचे दागिने आणलेत. अम्मांनी झबलं हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि गप्प बसल्या. त्यांच्यात सणाला कुणी काळं घालत नाही, तान्ह्याला तर नाहीच. तरी ‘तुमची पद्धत’ म्हणून त्यांनी सोडून दिलं.

काल मला म्हणाल्या, 15 ला पहाटे लेकीला गच्चीवर घेऊन जाते, आता तिने कणू ठेवायला हवं. म्हणजे काय, तर माटुंग्याच्या बाजारातून आणलेल्या हळदीच्या पानावर आदल्या दिवशीच्या भाताचे पिवळे-लाल गोळे मांडायचे, कावळ्यांसाठी. भाऊ सुखात राहावा म्हणून. तेही आंघोळीच्या आधी!

आईच्या कपातला चहा बशीत सांडला. “जित्या भावासाठी कावळ्याला पिंड? आणि करीच्या दिवशी?” आमच्याकडे किंक्रांत म्हणजे देवीने किंकरासुराला मारलं तो दिवस. शुभकार्य नाही, कुठे निघायचं नाही. त्यांच्याकडे त्याच दिवशी लिंबाचा, नारळाचा, चिंचेचा असे तऱ्हेतऱ्हेचे भात आणि थाट.

या दोघींचं मी बघेन, दहा वर्षं तेच करतेय. पण रात्री लेकीने विचारलं, “आई, परवाचा दिवस चांगला की वाईट?” मी म्हटलं, झोप आता. अशा घरात वाढलेलं कुणी आहे का इथे?

खवचट_काका:
दोन आज्यांच्या हट्टापायी पोरीला थंडीत पहाटे गच्चीवर पाठवणार? धन्य आहे.

कराडची_लेक:
काका, चेंबूरला थंडी कुठली!

खडेबाजार:
मी वाढलोय. आई कन्नड, वडील मराठी, गाव बेळगाव. आमच्या गल्लीत ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’, पलीकडच्या गल्लीत ‘एळ्ळु-बेल्ला तिंदु ओळ्ळे माताडि’. अर्थ तोच. तिकडे उसाचे करवेही मिळायचे, म्हणून आम्ही पोरं आधी तिकडे पळायचो. सणांचा जाच कधीच झाला नाही. जाच व्हायचा तो ‘आमच्यात असं नसतं’ या वाक्याचा. आजीचं ‘आमच्यात’ वेगळं, आईचं ‘आमच्यात’ वेगळं. मग मी कुणाच्यात? राग मानू नका ताई, पण तुम्हीसुद्धा वर ‘त्यांच्यात’, ‘आमच्याकडे’, ‘त्यांच्याकडे’ लिहिलंय. त्या एका प्रश्नाला एकच उत्तर शोधू नका. सरळ माणसाचं नाव घ्या: आजी हे करते, पाट्टी (तमिळ आजी) ते करते. पोरांना माणसं कळतात, पंचांग नाही.

कावेरीकाठ:
आम्ही तंजावूरचे मराठी. व्यंकोजीराजांच्या काळापासून तिकडेच, घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. माझी आजी कणू ठेवायची आणि आम्हाला म्हणायला लावायची, ‘काक्का पिडी वच्चेन, कणु पिडी वच्चेन’. पिडी म्हणजे मूठ हो, पिंड नव्हे! मुठीएवढा घास. तमिळ घरात भाताचा पहिला घास रोज खिडकीत कावळ्याला जातो. तोही पितरांच्याच नावाने, पण रोजचाच पाहुणा असल्यामुळे त्याला बघून दहावा आठवत नाही. आणि कावळा एकटा खात नाही, काव काव करून सगळ्या गोताला बोलावतो. भावंडांनी तसं राहावं, एवढंच मागणं. तुमच्या आईंना सांगा, ही तिकडची भाऊबीज समजा. दिवाळीत त्यांना भाऊबीज कुठे असते?

कराडची_लेक:
सगळ्यांचे आभार. झालं ते सांगते. ‘पिडी म्हणजे मूठ’ हे आईला वाचून दाखवलं. “असेल,” म्हणाली. पटलं नव्हतं, तरी पोरगी कठड्याशी जाईल म्हणून 15 ला आमच्यामागे गच्चीवर आली आणि पदर खोचून टाकीशी उभी राहिली. लेकीने गोळे मांडले. पाच मिनिटं झाली, दहा झाली, एकही कावळा फिरकेना. अम्मा निवांत. पण दहाव्याला कावळा शिवला नाही की आमच्या जिवाची जी घालमेल होते, ती आईला सुरू झाली. शेवटी तीच पुढे झाली आणि घसा ताणून “काव, काव!” अम्मांनी वळून पाहिलं, हसल्या आणि त्याही “का, का!” मग एक आला, पाठोपाठ चार. लाल गोळे आधी संपले.

नाव घेऊन सांगण्याचा उपाय लेकीवर करून पाहिला. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “म्हणजे आज वरच्या मजल्यावर वाईट दिवस आणि खालच्या मजल्यावर चांगला. मग मी आज पाट्टीकडेच राहते.” भावाची ओवाळणी म्हणून बाळाच्या मुठीत दहाची नोट दिली होती, ती त्याने सोडलीच नाही. अर्धी तिच्या हातात आली.

आणि हो, बोरन्हाणाचे कपडे आज धुवायला घेतले. काळ्या झबल्याच्या आत अम्मांनी एक पिवळं घातलेलं होतं. आईला अजून सांगितलेलं नाही.